इतर हक्काचा रकाना

आसनगाव स्टेशनातून बाहेर पडलं की आधी रिक्षावाले भेटतात आणि मग पाट्या. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’, ‘समृद्धी टच’, ‘बंगलो प्लॉट, सुलभ हप्त्यात’, ‘सातबारा नावावर’. वासिंदपासून खर्डीपर्यंत थोड्याफार फरकाने हाच मजकूर. मुरबाडच्या बाजूला सरळगाव ओलांडून टोकावड्याकडे निघालात तर चित्रातल्या बंगल्यामागे माळशेजचे डोंगर येतात, एवढाच काय तो बदल. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. शहापूर तालुक्यात खुटघरला गाड्या चढू-उतरू लागल्या आणि पाट्यांची संख्या आणखी वाढली.

पाटीवरच्या चार ओळींपैकी सगळ्यांत जड ओळ शेवटची. कल्याण-डोंबिवलीहून रविवारी जागा बघायला आलेलं जोडपं बाकीचं विसरतं आणि एकच विचारतं, “दादा, सातबाऱ्यावर नाव येणार ना?” दादा सांगतो, “शंभर टक्के.” बहुतेक वेळा तो खोटंही बोलत नसतो. नाव लागतं. पण नाव लागण्याने नक्की काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे न समजल्यामुळे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत पैसा आणि माणसं अडकून पडतात. शेतजमीन, प्लॉट, गावठाणातलं घर, स्टेशनजवळचा फ्लॅट आणि भाड्याची खोली, सगळीकडे प्रश्न हाच आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर जमीन कुणाकडे आहे ते, बारावर पीक काय आहे ते. हा महसुलाचा कागद आहे. सारा कुणाकडून वसूल करायचा हे सरकारला कळावं म्हणून तो जन्माला आला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १५७नुसार त्यातली नोंद खरी समजली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे नावबदलाच्या नोंदीने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी इतक्यांदा सांगितलंय की वकील आता ते एका श्वासात म्हणून टाकतात. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने अशी पद्धत आणली की सरकारी नोंदवहीत नाव असणं हीच मालकी आणि तिची हमी सरकारची. आपल्याकडे ती हमी नाही. आपल्याकडे मालकी कागदांच्या साखळीत असते आणि साखळी तपासायचं काम घेणाऱ्याचं.

तरीही सातबारा वाचावाच, फक्त उजवीकडून. डावीकडे भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार. सगळे तेवढंच वाचतात. उजवीकडे कुळाचा, खंडाचा आणि ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. बोलण्यात त्याला सगळे ‘इतर हक्क’च म्हणतात. या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, बहिणींची नावं असतात. आणि शहापूर-मुरबाडच्या उताऱ्यांवर विशेषकरून तीन प्रकारचे शेरे असतात: कुळकायद्याचा, आदिवासी जमिनीचा आणि वनाचा. हा रकाना कोरा असला तरी निर्धास्त होऊ नये. संगणकीकरणात जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवरचे शेरे गळाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून जुने उतारे आणि त्यावरचे फेरफार एकेक करून काढावे लागतात. ज्या नावाला कंस झालाय ते नाव का गेलं, कोणत्या फेरफाराने गेलं, हे कळेपर्यंत टोकन देऊ नये.

इथली जी जमीन स्वस्त म्हणून विकली जाते, ती कोणती असते, हे आधी बघायला हवं. भाताचं खाचर शेतकरी सहसा शेवटपर्यंत सोडत नाही. विकायला निघतो तो माळ, म्हणजेच वरकस. पूर्वी भाताच्या जमिनीसोबत ही वरकस लागायची. राबासाठी पालापाचोळा, गवत आणि उतारावर नाचणी-वरई, असा तिचा उपयोग. ती कसणारे हात बहुतेक ठाकूर, कातकरी, महादेव कोळी किंवा वारली यांचे आणि नावावर असायची दुसऱ्याच कुणाच्या. त्याच माळावर साग-खैर उगवले की वनखात्याचं लक्ष जायचं. म्हणजे आज ज्या माळावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत, नेमक्या त्याच माळावर कूळ, आदिवासी आणि वन या तिघांचे हक्क एकमेकांवर चढलेले असतात. स्वस्ताई आली ती त्यातूनच. स्टेशनपासूनच्या अंतराशी तिचा फारसा संबंध नाही.

कुळाचं बघू. १९४८च्या कुळवहिवाट कायद्यात सुधारणा होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पुढे कलम ३२ग खाली किंमत ठरवायची, ती भरायची आणि ३२म चं प्रमाणपत्र घ्यायचं, असा क्रम. कागदावर सोपा. प्रत्यक्षात अनेकांनी किंमत ठरवून घेतलीच नाही, काहींनी भरली पण प्रमाणपत्र घेतलं नाही, काहींचं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्लं. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर ‘कलम ४३च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो. पूर्वी ती विकायला परवानगी लागायची. २०१४च्या सुधारणेनंतर ३२म चं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीसपट रक्कम भरून शेतकऱ्याला विकता येते. आकार असतो काही रुपयांत, त्यामुळे ही रक्कम किरकोळच. पण ती भरलेली नसेल तर पुढचा सगळा व्यवहार लटकतो. इतक्या क्षुल्लक पैशासाठी इतके मोठे व्यवहार अडकलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

याच कायद्याचं कलम ६३ मुंबईकराला थेट आडवं येतं. जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मंजूर आराखड्यात निवासी किंवा औद्योगिक वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला यात मोकळीक आहे, मात्र ठरलेल्या मुदतीत तसा वापर सुरू करावा लागतो. शेतीच्या, म्हणजे हिरव्या, पट्ट्यातल्या जमिनीला ती मोकळीक नाही. मग एजंट वाट काढतो. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला चार गुंठ्यांचा सातबारा पैदा करून ‘शेतकरी दाखला’ आणतो. किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावावर खरेदी आणि वर एक मृत्युपत्र. मृत्युपत्राची ही युक्ती सर्वोच्च न्यायालयाने जून २०२०मध्ये विनोदचंद्र सकरलाल कापडिया खटल्यात निकालात काढली. खटला गुजरातचा, पण कायदा तोच, मुंबई इलाख्याचा १९४८चा. ज्याला जिवंतपणी विकत घेता येत नाही त्याला मृत्युपत्रानेही देता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. अवैध हस्तांतरणाची जमीन शेवटी सरकारजमा होऊ शकते. तेव्हा दाखला देणारा एजंट कुठे असतो हे विचारायची गरज नाही.

आदिवासी जमिनीचा प्रश्न यापेक्षा खोल आहे आणि इथे जरा थांबायला हवं. १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अख्खा शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडची काही गावंही. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, डहाणू तिकडे गेले. त्यामुळे ठाणे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घोडबंदरचे टॉवर येतात. अनुसूचित क्षेत्र या जिल्ह्यात अजून आहे याचा बऱ्याच जणांना विसर पडलाय. घेणाऱ्याला तर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीचं नावही ठाऊक नसतं.

महसूल अधिनियमाचं कलम ३६अ सांगतं की ६ जुलै १९७४नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने न्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण वगळता बाकी सगळ्याला राज्य सरकारची पूर्वमान्यताही हवी. त्याआधीच्या काळासाठी वेगळा कायदा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली जमीन मूळ आदिवासीला परत करण्याचा १९७४चा कायदा १ नोव्हेंबर १९७५पासून अमलात आला. पुढे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला, १९९६ साली. २०१६मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातल्या अशा हस्तांतरणाला ग्रामसभेची मंजुरी आवश्यक केली. नंतर सरकारी प्रकल्पांसाठीच्या खरेदीला त्यातून सूट दिली गेली. ग्रामसभेची संमती सरकारने खासगी माणसासाठी सक्तीची ठेवली आणि स्वतःसाठी सोडवून घेतली. हे मला आजही खटकतं.

प्रत्यक्षात काय चालतं? जमीन आदिवासीची आहे हे सातबाऱ्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. आडनावावरून अंदाज बांधावा तर ठाकूर आडनाव आदिवासींतही आहे आणि इतरांतही. मूळ फेरफारातली जात, आजोबांचा दाखला, वाडीचं नाव यावरून माग काढावा लागतो. आणखी एक चाल आहे. आदिवासीची जमीन आदिवासीलाच विकायला तुलनेने कमी अडचण, म्हणून एखाद्या घरगड्याच्या किंवा ड्रायव्हरच्या नावावर ती घ्यायची आणि त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यायचं. हा सरळसरळ बेनामी व्यवहार झाला. नावाचा मालक एक दिवस खराच मालक होऊन बसला तर दाद कुणाकडे मागणार? वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्याचंही असंच. तो वारसाने जातो, विकता येत नाही, कुणालाच. तरी ‘वनपट्टा आहे, स्टॅम्पवर करून देतो’ असं सांगणारे भेटतात. स्टॅम्पवर काहीही लिहिता येतं, त्याला किंमत फक्त त्या स्टॅम्पएवढी.

वनाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ला लागू झाला आणि त्या दिवशी जी जमीन ‘खाजगी वन’ होती ती सरकारची झाली, असं कायदा म्हणतो. खाजगी वन कोणतं? तर त्यात, इतर गोष्टींबरोबर, १९२७च्या वन कायद्याच्या कलम ३५(३)खाली जिच्या मालकाला नोटीस दिली गेली ती जमीनही. ठाणे जिल्ह्यात अशा नोटिसांची संख्या मोठी. नोटिसा निघाल्या, त्यांपैकी किती मालकाच्या हातात पडल्या याचा पत्ता नाही आणि दरम्यान त्याच जमिनीवर शेती झाली, घरं झाली. अनेक वर्षांनी अचानक ‘राखीव वन’ असे शेरे उताऱ्यांवर चढवले गेले. गोदरेज अँड बॉईस विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात ३० जानेवारी २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसती नोटीस काढणं पुरेसं नाही, ती बजावलेली असली पाहिजे. मुलुंडच्या इमारतींसाठी लढलेल्या या खटल्याचा फायदा तत्त्वतः डोळखांबच्या शेतकऱ्यालाही आहे. पण मुलुंडकडे दिल्लीपर्यंत जायला वकील होते. डोळखांबचा माणूस भिवंडीच्या प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो, मुरबाडचा कल्याणच्या. तोवर उताऱ्यावर शेरा आहे, तर बँक कर्ज देत नाही. आणि जमीन वन ठरली तर तिच्यावर बंगला बांधायला १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. शनिवार-रविवारच्या घरासाठी ती कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता गुंठ्यांकडे. हा या तालुक्यांतला सगळ्यांत मोठा धंदा आणि कायद्याने सगळ्यांत जास्त कोलांट्या मारल्या त्याही इथेच.

चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शहरातल्या माणसाला एकर परवडत नाही, दोन-तीन गुंठे परवडतात. पण १९४७चा तुकडेबंदी कायदा सांगतो की प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करायचा नाही. हेतू चांगला होता. वाटण्या होऊन होऊन शेत औताच्या फेरीएवढं उरतं, त्यात पीक परवडत नाही. तो कायदा शेतीसाठी होता आणि त्याच्या पोटातून निघाला प्लॉटचा धंदा. युक्ती अशी. वीस गुंठ्यांचा एक गट घ्यायचा, त्याचे दहा जणांना ‘अविभाज्य हिस्से’ विकायचे. खरेदीखतात प्रत्येकाच्या वाट्याला दोन गुंठे, सातबाऱ्यावर दहा नावं, क्षेत्र सामाईक. आपला कोपरा कोणता हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे विक्रेत्याने दिलेला रंगीत नकाशा आणि माळावर रोवलेले चार सिमेंटचे खांब. रस्ताही त्या रंगीत नकाशातच.

अशा जागेची मोजणी मागायला गेलेल्या एका निवृत्त शिक्षकांबरोबर मी भूमी अभिलेख कार्यालयात बसलो होतो. अर्ज बघून कारकून म्हणाला, “गुरुजी, मोजणी गटाची होईल. तुमच्या प्लॉटची कशी करू? तुमचा प्लॉट आमच्याकडे नाहीच.” गुरुजींनी पिशवीतून सातबारा काढला, नावावर बोट ठेवलं. कारकुनाने तो उलटा फिरवून त्यांच्याचकडे सरकवला. “नाव आहे. जागा कुठे आहे?” एवढं बोलून तो पुढच्या माणसाकडे वळला. गुरुजींना आधी वाटलं पैसे मागतोय. तो खरंच सांगत होता. गटाचा पोटहिस्सा झालेला नाही, फाळणी नकाशा नाही, तर दोन गुंठ्यांची हद्द कुठून आणणार? कुंपण घालायचं तर बाकीच्या नऊ जणांची संमती. विकायचं तर घेणारा हेच प्रश्न विचारणार. आणि त्या नऊ जणांपैकी दोघं दुबईत.

१२ जुलै २०२१ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून मंजूर लेआउटशिवाय अशा तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवली. ५ मे २०२२ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. ८ ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं. २०२४मध्ये विहीर, शेतरस्ता आणि घरकुल योजनेतलं घर यांसाठी त्याहून लहान तुकड्याला अटींवर वाट करून दिली. आणि जे तुकडे आधीच पडले त्यांचं काय? २०१७च्या सुधारणेने ते बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून नियमित करता येऊ लागले. २०२४मध्ये तेच ५ टक्क्यांवर आले. २०२५च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकडे विनाशुल्क नियमित करायचं ठरलं. पंचवीस, पाच, शून्य. ज्याने २०१७ साली प्रामाणिकपणे पंचवीस टक्के भरले त्याला काय वाटत असेल? लाखो कुटुंबांची अडचण खरी आहे, त्यांना मोकळं करायलाच हवं होतं. पण दर वेळी थांबणारा फायद्यात राहिला की पुढचा प्लॉट पाडणारा काय शिकतो, हेही सरकारला ठाऊक असणार. आणि ही माफी नगरपंचायतीच्या हद्दीसाठी, आराखड्यातल्या निवासी-व्यापारी पट्ट्यांसाठी, गावठाणालगतच्या जागांसाठी आहे. अघईच्या पलीकडच्या माळावरचे दोन गुंठे त्यात बसतीलच असं नाही. ‘आता सगळं कायदेशीर झालं’ असं सांगत फिरणाऱ्या एजंटला मात्र हा फरक सांगायचा नसतो.

शेतघराचंही तसंच. फार्महाऊस म्हणून जे विकलं जातं त्याला साधारण ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एकरभर शेती असावी लागते. पाच गुंठ्यांवरचं ‘फार्महाऊस’ ही फक्त जाहिरातीतली वस्तू आहे.

एनए, म्हणजे अकृषिक, हा शब्दही असाच झिजलाय. ‘एनए प्लॉट’, ‘कलेक्टर एनए’, ‘एनए प्रस्तावित’. शेवटच्याचा अर्थ एवढाच की एनए नाही. खरं तर गेल्या दहा-बारा वर्षांत महसूल अधिनियमात ४२अ ते ४२ड ही कलमं येऊन आराखड्यातल्या निवासी जागेला आणि गावठाणाच्या २०० मीटरच्या आतल्या जागेला वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज बरीचशी उरलेली नाही. रूपांतर कर भरून आणि बांधकामाची परवानगी घेऊन काम होतं. म्हणून आता पहिला प्रश्न विचारायचा तो ‘झोन काय?’ हा. नगररचना विभागाचा झोन दाखला थोड्या पैशात मिळतो आणि बऱ्याच स्वप्नांचा निकाल पहिल्याच दिवशी लावतो. सोबत पाण्याचंही विचारावं. मुंबईला निम्म्याच्या आसपास पाणी देणारं भातसा धरण शहापूर तालुक्यात, १८९२चा तानसा याच तालुक्यात आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या वाड्याही याच तालुक्यात. ‘बोअरला भरपूर पाणी’ हे वाक्य पावसाळ्यात ऐकलेलं असेल तर मे महिन्यात जाऊन पुन्हा ऐकावं.

स्टेशनजवळचे फ्लॅट हा वेगळा विषय. इथे २०१६चा रेरा कायदा आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त घरं असली की प्रकल्पाची नोंदणी हवी, मग फ्लॅट असोत की प्लॉट. नोंदवलेल्या करारापूर्वी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशांतला ७० टक्के वाटा त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. ताबा मिळाल्यावर पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा. कायदा चांगला आहे. त्यातून निसटायच्या वाटाही तेवढ्याच ठरलेल्या: एकाच जागेचे लहान लहान प्रकल्प दाखवायचे, नाहीतर ‘आम्ही प्लॉट विकत नाही, शेतजमीन विकतो’ म्हणायचं.

शिवाय नोंदणी आहे म्हणून निश्चिंत व्हावं असंही नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे क्रमांक मिळवले. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला तेव्हा आत कुटुंबं राहत होती, कर्जाचे हप्ते भरत होती. त्यांनी संकेतस्थळावर क्रमांक बघितला होता, बँकेनेही बघितला होता. परवानगी देणाऱ्या कार्यालयात जाऊन ‘हे पत्र तुमचंच का?’ असं कुणी विचारलं नव्हतं. आसनगाव-वासिंद पट्ट्यातल्या काही जुन्या इमारती तर नुसत्या ग्रामपंचायतीच्या पत्रावर उभ्या राहिल्यात. घरपट्टीची पावती, नमुना आठ, विजेचं बिल, यातलं काहीही बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नाही. भोगवटा प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर कमी भावाचं कारण कळलं असं समजा.

गावठाणातल्या जुन्या घरांना मात्र बरे दिवस येतायत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडे मालकीचा कागदच नव्हता, कारण गावठाणाचा सातबारा नसतो. २०२०पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका आणि सनदा निघू लागल्या. ज्यांच्या गावात मोजणी झाली त्यांनी चौकशीच्या वेळी घरी हजर राहावं. भावाच्या नावावर पत्रिका निघाली आणि पुढे दहा वर्षं दावा लढत बसले, असं नको.

भाड्याबद्दल थोडक्यात. मुरबाडच्या एमआयडीसीमुळे आणि शहापूरच्या शाळा-कॉलेजांमुळे इथे खोल्या भाड्याने जातात, बहुतेक तोंडी बोलीवर. १९९९चा भाडे नियंत्रण कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही, त्याच्या अनुसूचीत नाव असलेल्या भागांनाच आहे. बाकी ठिकाणी १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर काम चालतं आणि महिन्याची भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपते. जिथे भाडे कायदा लागू आहे तिथे करार लेखी आणि नोंदवलेला असण्याची जबाबदारी घरमालकाची. तसं नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सचा मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. एवढे पैसे वाचवायला जाऊन खोली अडकवून बसलेले घरमालक मी पाहिलेत, आणि डिपॉझिट बुडालेले भाडेकरूही तितकेच.

शेवटी वारस. समृद्धीसाठी थेट खरेदी सुरू झाली, बाजारमूल्याच्या पाचपट मोबदला मिळू लागला आणि तीस-तीस वर्षं न विचारलेल्या बहिणी एकाएकी सगळ्यांना आठवल्या, काही आठवल्याच नाहीत. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४मध्येच दिला होता, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींना. २००५च्या केंद्राच्या सुधारणेने ती अट काढली आणि ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. आदिवासी बाईला मात्र हिंदू वारसा कायदा लागूच नाही, तो अनुसूचित जमातींना वगळतो. तिथे रूढी चालते. जुलै २०२५मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाईला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर वाटा द्यायचा. शहापूरच्या वाड्यांपर्यंत हा निकाल पोचायला किती वर्षं लागतील कोण जाणे. राज्याने २०२५मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला घेतलं, ते चांगलं झालं. विकणाऱ्यांतला एक तरी सहीवाला आधीच वारलेला असणं ही इथे नवलाची गोष्ट नव्हती.

खरेदीखत नोंदलं की फेरफार आपोआप धरला जातो आणि हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस निघते. हे पंधरा दिवस घेणाऱ्याच्या दृष्टीने नुसते सोपस्कार असतात. गेल्या पावसाळ्यात किन्हवली बाजूच्या एका तलाठी सज्ज्यावर मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. तेराव्या दिवशी एक बाई आल्या, साठीच्या पुढच्या, पायाला चिखल. माहेरच्या माळाची विक्री झाल्याचं त्यांना बाजारात कळलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला, कारण त्यावर वडिलांचं नाव. ग्राम महसूल अधिकाऱ्याने, गाव अजून त्याला तलाठीच म्हणतं, जुना उतारा काढून समोर धरला.

“माझं नाव कुठंय?”

“हे बघा, कंसात.”

“कंस कोनी घातला?”

त्याने फेरफार बघितला. वीस वर्षांपूर्वीचा. बहिणींनी हक्क सोडल्याची भावाने दिलेली वर्दी, नोंदवलेलं हक्कसोडपत्र नाही, खाली अंगठा.

“अंगठा तुमचा का?”

“मी सातवी शिकल्ये,” बाई म्हणाल्या. “मी सही करत्ये.”

तलाठ्याने तक्रारीची नोंदवही ओढली, रकाने आखलेलेच होते, आणि पेनाचं टोपण काढून त्यांच्यापुढे धरलं.